बिजागरीतली तार

गेल्या श्रावणात माझ्या लॅपटॉपचं वायफाय गेलं. गेलं म्हणजे एका दिवसात गेलं नाही. त्याआधी जवळजवळ वर्षभर ते पडद्याच्या कोनावर चालत होतं. झाकण नेहमीसारखं उघडलं की कोपऱ्यातल्या चिन्हावर लाल फुली दिसायची. मग पडदा दोन बोटं मागे कलवायचा, क्षणभर थांबायचं, आणि फुली जाऊन तिथे एक रेघ उमटायची. मग दोन. एखाद्या दिवशी चारही. असं का होतं ते मला कळत नव्हतं, पण माझ्या हाताला कळलं होतं. आमच्या मागच्या दाराला कडी लावताना दार जरा वर उचलावं लागतं. पावसाळ्यात न्हाणीघराचं दार खांद्याने रेटावं लागतं. पाहुण्याला हे सांगावं लागतं, घरच्या माणसाला सांगावं लागत नाही. तो पडद्याचा कोनही असाच घरचा झाला होता.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मात्र कुठलाच कोन लागेना. पडदा मागे नेला, पुढे आणला, पार पाठीवर झोपवला. फुली हलली नाही. बाहेर पनवेलचा पाऊस पत्र्यावर एका लयीत कोसळत होता. बाहेरच्या खोलीत राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि सासूबाईंच्या खोलीतून मोबाईलवरचं कीर्तन ऐकू येत होतं. जग जागच्या जागी होतं. त्यातून माझं यंत्र तेवढं उठून गेलं होतं.

हा लॅपटॉप मी २०१३ च्या जुलैत घेतला. महिना पक्का आठवतो, कारण त्याच महिन्यात देशातली तारसेवा बंद झाली. दुकानातल्या टीव्हीवर शेवटची तार करायला रांगेत उभी असलेली माणसं दिसत होती, आणि इकडे दुकानदार मला समजावत होता की याला वायर लागत नाही, घरात कुठेही बसा. ‘कुठेही बसा’ हे त्याने सहज म्हटलं असेल. मी तोवर छापखान्याच्या कोपऱ्यातल्या एकाच खुर्चीत, पंख्याचा वारा न पोचणाऱ्या जागी, चौदा वर्षं पानं लावत बसले होते. मला ते दोन शब्द फार मोठे वाटले. त्यानंतर मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत पानं लावली, गॅलरीत लावली, मुलीच्या बाळंतपणात तिच्या खाटेशेजारी बसून लावली. लाईन आळीच्या मागच्या या जुन्या घरात मी न बसलेली जागा आता उरलेली नाही.

माझं काम पुस्तकांची पानं लावण्याचं आणि मुद्रितं तपासण्याचं. शाळांच्या स्मरणिका, गावोगावच्या कवींचे संग्रह, देवस्थानांच्या पुस्तिका, आणि कुलवृत्तांत. कोकणातल्या घराण्यांना कुलवृत्तांताची ओढ मोठी. २०१४ साली मी एका घराण्याचा असा सहाशे पानी वृत्तांत लावला होता, आणि गेल्या वर्षी त्या मंडळींना त्याची पुरवणी हवी होती. अकरा वर्षांत जन्मलेली मुलं, झालेली लग्नं, गेलेली माणसं.

आता इथेच खरी मेख आहे. तेव्हा आम्ही सगळे पेजमेकर आणि श्रीलिपी या प्रणालींवर काम करायचो. श्रीलिपीचा लॉक यूएसबीच्या खाचेत खोचला तरच ती उघडते. ती युनिकोड घरोघर पोचण्याआधीची दुनिया. त्या फायली नव्या यंत्रावर उघडल्या की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि चिन्हांचा चुरा दिसतो. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, मी ती वापरते. पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं याच्या उलट, जुन्यात नंतर आणि नव्यात आधी. या अदलाबदलीत एखादा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, एखादा वाटेत गळून पडतो. कादंबरीत चुकलेला रफार वाचक मनातल्या मनात सुधारून घेतो. कुलवृत्तांतात तो चुकला तर माणूस बदलतो. कर्वे यांची सून कवे यांच्या घरी जाते आणि पन्नास वर्षांनी कुणी पणतू तिला शोधत बसतो. म्हणून ज्या यंत्रावर ती पानं लावली, त्याच यंत्रावर ती पुन्हा उघडायची असा माझा नेम आहे. ते यंत्र चालू आहे. त्याचा कळफलक, पडदा, तबकडी, सगळं ठणठणीत आहे. एक वायफाय तेवढं गेलेलं.

दुरुस्तीचं दुकान स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. जेमतेम दोन माणसं मावतील एवढं. कारागीर तिशीच्या आतला, बोलण्यात आगरी हेल. त्याने लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, आणि स्क्रू काढायच्या आधी तळव्याने एकदा सगळीकडून चाचपला. वैद्य पोट चाचपतात तसा. ‘काकू, फार सांभाळलंय’ असं म्हणाला. मला बरं वाटलं.

त्याचा पहिला अंदाज कार्डावर होता. वायफायचं कार्ड म्हणजे अर्ध्या बिस्किटाएवढी हिरवी पट्टी. तिच्यावर दोन सोनेरी टिकल्या, आणि त्या टिकल्यांवर दाबून बसवलेल्या दोन तारा, एक काळी, एक पांढरी. त्याने दुसऱ्या मेलेल्या लॅपटॉपमधलं तशाच खाचेचं कार्ड काढून माझ्या यंत्रात बसवलं आणि बटण दाबलं. यंत्र सुरूच होईना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजीत एक ओळ आली: हे कार्ड या यंत्राला मान्य नाही, ते काढा.

तो म्हणाला, काही कंपन्यांनी त्या काळात यंत्राच्या मुळातच कार्डांची यादी घालून ठेवली होती. यादीतलं कार्ड असेल तरच यंत्र उठतं. खाच तीच, पट्टी तीच, विजेचा दाब तोच, पण यादीत नाव नाही म्हणून यंत्र दारातून परत पाठवतं. मी ते ऐकून खरोखर संतापले. पैसे मी मोजले, बारा वर्षं पुसलं-जपलं मी, आणि याच्या पोटात काय बसवायचं ते ठरवणारी यादी मला न विचारता आधीच लिहून ठेवलेली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, मोटारी अशी चार क्षेत्रं तिने पुढे ठेवली, त्याचं पोर्टलही निघालं. बातमी वाचली तेव्हा ‘हक्क’ हा शब्द मला इथे जरा मोठा वाटला होता. त्या जिन्याखाली उभं राहून तो मोठा वाटेना.

मग त्याने उलटं करून पाहिलं. माझं कार्ड दुसऱ्या यंत्रात घातलं. ते लगेच चाललं. आजूबाजूच्या वीस-पंचवीस घरांची नावं ओळीने पडद्यावर उतरली. म्हणजे कार्ड निर्दोष होतं. त्याने मग माझ्या लॅपटॉपच्या डाव्या बिजागरीवरची टोपी नखाने उचलली, आत विजेरी मारली आणि मला म्हणाला, ‘बघा.’

मी वाकून पाहिलं. ज्याला आपण वायरलेस म्हणतो, आपल्या भाषेत बिनतारी, त्याच्या आत तारा असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचं नाव मी किती वेळा छापलं असेल. ‘बिन’ म्हणजे नसलेलं, हे इतकं सरळ की त्यापुढे कधी विचारच केला नाही. कार्ड खाली, कळफलकाच्या पोटात. अँटेना वर, पडद्याच्या वरच्या काठात, कारण उंचावर आणि धातूपासून दूर लाटा नीट पकडता येतात. मधे बिजागरी. आणि त्या बिजागरीतून जाणाऱ्या दोन तारा, शेवयीएवढ्या. आत केसासारखा तांब्याचा गाभा, त्यावर आवरण, त्यावर बारीक विणलेली जाळी, त्यावर पुन्हा आवरण. काळीचं आवरण घासून गेलं होतं, जाळी विस्कटली होती आणि गाभा तुटला होता. पांढरी अजून एखाद-दोन धाग्यांवर होती.

‘पडदा कलवला की लागायचं ना?’ त्याने विचारलं. तुटलेली टोकं त्या कोनात एकमेकांना टेकत होती.

मी घरी येईपर्यंत हिशेब करत होते. दिवसातून पाचदा धरलं तरी बारा वर्षांत वीस हजारांहून जास्त वेळा मी तो पडदा उघडला. दर वेळी ती तार वाकली. यात कुणी काही मोडलं नव्हतं, पाणी सांडलं नव्हतं, हातून पडलं नव्हतं. वापरण्याने झिजायचं तेच झिजलं होतं, आणि ते नेमकं तिथे झिजलं होतं जिथे मी रोज हात लावत होते.

दुरुस्ती करायची तर पडद्याची चौकट उकलावी लागणार. बारा वर्षांचं प्लास्टिक, त्याच्या खुंट्या तडातड तुटतात. शिवाय त्याच बिजागरीतून पडद्याचीही तार जाते. ‘काकू, मी करीन जपून,’ तो म्हणाला, ‘पण ती दुखावली तर डिस्प्ले जाईल. मग माझ्यावर येऊ नका.’ आज पानं दिसताहेत, ती दिसायचीच बंद होतील. बाहेरून लावायचा छोटा डोंगल तीन-चारशेला मिळतो, तो त्याने सुचवला. पण माझ्या यंत्राच्या तीन खाचांपैकी एक मेलेली, एकीत श्रीलिपीचा लॉक, एकीत माउस. डोंगल लावायचा तर माउस काढायचा, आणि माउसशिवाय पानं लावणं म्हणजे बोट न लावता कणीक मळणं. खाचा वाढवणारा जोड मी आणून पाहिला. त्याच्यातून लॉक कधी ओळखला जाई, कधी नाही.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती मला जास्त लागली. या यंत्रात विंडोज ७ आहे. तिची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली, तेव्हापासून तिला सुरक्षेची ठिगळं मिळत नाहीत. ‘खरं सांगू? हे नेटला न लावलेलंच बरं.’ म्हणजे जे बिघडलं म्हणून मी हळहळत होते, ते बिघडलेलं असण्यातच त्याचं रक्षण होतं. असं असेल तर दुरुस्त काय करायचं?

मी यंत्र तसंच घरी आणलं.

पुढचा महिना-दीड महिना ते जगापासून सुटं होतं. या दिवसांत शांतता लाभली, एकाग्रता वाढली, असं मला लिहिता आलं असतं. ते खरं नाही. पुरवणीची मंडळी पुण्यात, नागपुरात, दोन घरं परदेशात. त्यांच्या दुरुस्त्या मोबाईलवर यायच्या, मी त्या कागदावर उतरवायच्या, यंत्रावर करायच्या, मग पेनड्राइव्ह घेऊन भाच्याकडे नवीन पनवेलला जायचं आणि तिथून पानं पाठवायची. एक वेलांटी बदलायला रिक्षाचं जाणं-येणं. मला ही जुळणी तुटल्याचं दुःखच होतं. अमेरिकेतल्या एका आजोबांना त्यांच्या धाकट्या भावाच्या मृत्यूची तारीख दुरुस्त झालेली पाहायची होती, आणि मी ती चार दिवस दाखवू शकले नाही.

शेवटी लांब वायर आणली. राउटरपासून माझ्या टेबलापर्यंत, दोन उंबरे ओलांडून, माजघरातून. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि काठी टेकत चालतात. तिसऱ्याच दिवशी काठीचं टोक वायरीत अडकलं. त्या पडल्या नाहीत, भिंतीला धरून उभ्या राहिल्या, पण मी धावत गेले तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. त्या संध्याकाळी मी वायर गुंडाळून माळ्यावर टाकली. वायरलेस या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. वाटेत काही नसणं. म्हाताऱ्या माणसाला आपल्या घरात रात्री उठून पाण्याच्या माठापर्यंत निर्धास्त जाता येणं.

त्या रात्री त्यांच्या पायाला तेल लावताना मी त्यांना सगळं सांगितलं. बिजागरी, काळी तार, यादीत नसलेलं कार्ड. त्यांना यंत्रातलं कळत नाही, पण झिजलेल्या वस्तूंमधलं फार कळतं. त्या एकदम लहानपणच्या पनवेलमध्ये गेल्या. सुतारांच्या भट्टीजवळ मुलं गोळा व्हायची, म्हणाल्या. लाकडी चाकावर चढवायची लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, चिमट्यांनी चौघांनी उचलून चाकावर बसवायची आणि वर घागरीने पाणी ओतायचं. फस्सकन वाफ यायची. लोखंड आवळायचं आणि तुंबा, आरे, सगळं एकमेकांत घट्ट बसायचं. ‘आणि उन्हाळ्यात धाव सैल झाली की?’ मी विचारलं. ‘मग चाकं रात्रभर पाण्यात ठेवायची. लाकूड पाणी पिऊन फुगतं. सकाळी धाव हलत नाही.’ एवढं बोलून त्या झोपल्या. मी मात्र बराच वेळ जागी होते.

पनवेलला हे चाकांचं प्रकरण नवं नाही. १८३० साली बोरघाटाचा रस्ता चाकांच्या गाड्यांसाठी खुला झाला. त्याआधी घाट चढायचा तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून, हमालांच्या डोक्यावरून किंवा पालखीतून. रस्ता झाला आणि मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचं, तिथून गाडीने खोपोली, घाट, खंडाळा, पुणे असा प्रवास रुळला. देशावरचा माल याच वाटेने उतरायचा, परतताना मीठ आणि मुंबईचा माल चढायचा. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात पनवेलची जी नोंद आहे, तिच्यात इथल्या चाकं बनवण्याच्या धंद्याचा खास उल्लेख सापडतो. देशावरून आलेला प्रत्येक गाडीवान परतताना किमान एक जोड चाकं घेऊन जाई.

एक जोड चाकं. ही नोंद मी कधीतरी एका स्मरणिकेसाठी टाइप केली होती आणि विसरले होते. घाट उतरताना चाकांवर काय बेतत असेल ते गाडीवानाच्या हाताला कळत असणार, माझ्या हाताला पडद्याचा कोन कळला तसं. तो गाडी टाकून देत नव्हता. झिजणारा भाग कुठला ते त्याला ठाऊक होतं आणि तो कुठल्या गावात मिळतो हेही. पनवेलच्या सुतारानेही त्याला तुझी गाडी कुणी बांधली, तिचं नाव माझ्या यादीत आहे का, असं विचारलं नसेल. १८६३ मध्ये घाटावरून आगगाडी धावू लागली, रहदारीने दुसरी वाट धरली, मग मोटारी आल्या, रबरी टायर आले. सासूबाईंनी पाहिलेली भट्टी ही त्या धंद्याची शेवटची धग म्हणायची. आज या गावात मला लाकडी चाकाचा जोड मिळणार नाही. पण जिन्याखाली एक मुलगा नखाने बिजागरी उचलून आतली तार दाखवतो. मला तो त्याच पेशातला वाटतो.

मी मुद्दाम दुसऱ्या बाजूनेही विचार केला. नवा लॅपटॉप घेण्याइतके पैसे होते. जुना भंगारवाल्याला दिला असता तर त्याने किलोवर तोलला असता. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत ठिकाणी द्यायचा म्हणतात. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र आमच्या तालुक्यातच आहे, तळोज्याला. कुणीतरी कुठेतरी वापरून टाकलेल्या वस्तूंचा शेवट आमच्या शेजारी होतो, हे इथल्या माणसाला वाऱ्यावरून कळतं. पण मला अडवलं ते या विचाराने नव्हे. मला अडवलं त्या विजेरीच्या उजेडाने. बंद झाकणाचा लॅपटॉप मी टाकू शकले असते. नेमका कुठला धागा तुटलाय ते डोळ्यांनी पाहिल्यावर बाकीचं सगळं चांगलं आहे हेही दिसलं, आणि मग टाकवेना.

ऑक्टोबरात मी पुन्हा जिन्याखाली गेले. दुकान जुन्या लॅपटॉपनी भरून वाहत होतं. १४ तारखेला विंडोज १० ची मुदत संपणार होती आणि लोक घाबरून यंत्रं घेऊन येत होते. त्याच आठवड्यात, ८ तारखेला, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. कारागिराचं गाव त्या विमानतळाच्या जागेत गेलंय, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला पर्यायी भूखंड मिळाला, घरही झालं. जुनं घर पाडताना वडिलांनी दाराची सागवानी चौकट तेवढी सोडवून आणली. ‘नवीन घराला बसली नाही,’ तो स्क्रू काढता काढता म्हणाला. ‘दारं आता बारीक असतात. गच्चीत उभी करून ठेवलीय.’ मी काही बोलले नाही. आम्हा दोघांमधे टेबलावर माझं यंत्र उघडं पडलं होतं.

मी त्याला सांगितलं की बिजागरीला हात लावायचा नाही. मला पडद्याची जोखीम घ्यायची नाही, पण वायफायशिवायही राहायचं नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, अँटेना वरच पाहिजे असं थोडंच आहे?

हे त्याला सुचलं, मला जन्मात सुचलं नसतं. या लॅपटॉपचा खालचा भाग प्लास्टिकचा. लाटांना प्लास्टिक अडवत नाही. वायफायची लाट फार मोठी नसते. २.४ गिगाहर्ट्झची म्हणजे साडेबारा सेंटिमीटरची, अर्ध्या वितेहून थोडी मोठी. तिला धरायला बोटभर पट्टी पुरते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून त्याने दोन चिकटपट्टीच्या अँटेना मागवल्या, त्या मनगट टेकतं त्या जागेच्या आतल्या बाजूला चिकटवल्या, त्यांच्या तारा थेट कार्डावरच्या टिकल्यांवर दाबल्या. बिजागरीतल्या जुन्या तारा त्याने काढल्या नाहीत, टोकांना चिकटपट्टी लावून तिथेच निजवल्या. आता उघडण्या-मिटण्याच्या वाटेवर नव्या तारा नाहीत. पडद्यातल्या अँटेनाइतकी ओढ यांना नाही, एक-दोन रेघा कमी येतात. आणि हे जुनं कार्ड फक्त २.४ च्याच पट्टीत ऐकतं, शेजारी मायक्रोवेव्ह लावला की अडखळतं, कारण त्या भट्टीची लाटही जवळपास तीच. परवान्याविना वापरायची ही पट्टी देशाने २००५ साली सगळ्यांसाठी मोकळी केली, म्हणून आळीतली सगळी घरं तिच्यात दाटीवाटीने बोलतात. आमच्या घराच्या भिंती जाडजूड आहेत. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडून घंटा वाजवून दाखवली होती. त्या अदृश्य लाटांची नात माझ्या माजघराची भिंत ओलांडून येते याचं मला नवल वाटतं, एक रेघ कमी आली तरी.

राहिली विंडोज ७ ची गोष्ट. त्यावरही त्यानेच तोड काढली. तबकडीचे दोन भाग केले. एका भागात जुनी विंडोज, पेजमेकर, श्रीलिपी, कुलवृत्तांत. तिथे वायफाय बंद करून टाकलं. दुसऱ्या भागात फुकट मिळणारं लिनक्स, त्याला नवी ठिगळं वेळच्या वेळी मिळतात. जगाशी बोलायचं ते तिथून. सुरू करताना यंत्र विचारतं, कुठे जायचं? मला हे आमच्या घरासारखं वाटलं. आल्यागेल्याची ऊठबस ओसरीवर. माजघरात परका माणूस जात नाही. पानं माजघरात लावायची, पीडीएफ करून ठेवायची, मग ओसरीवर येऊन ती पाठवायची. मधे यंत्र एकदा बंद करून सुरू करावं लागतं, दोन मिनिटं जातात. तेवढ्यात मी चहाचं आधण ठेवते.

पुरवणी मार्गशीर्षात छापून आली. एकशे बारा पानं. अमेरिकेतल्या आजोबांना त्यांच्या भावाचं पान मी त्याच रात्री पाठवलं होतं, अँटेना बसली त्या रात्री. त्यांनी लिहिलं, तारीख बरोबर आहे, आणि नावातली वेलांटीही.

आता विमानं सुरू झाली आहेत. सकाळी गॅलरीत काम करताना आवाज आला की सासूबाई वर बघतात. मी झाकण उघडते. पडदा आता कुठल्याही कोनात ठेवला तरी चालतं, त्याचा आणि वायफायचा काही संबंध उरलेला नाही. तरी हात पडदा उघडतो, दोन बोटं मागे नेतो आणि क्षणभर थांबतो. रेघा त्याच्या आधीच आलेल्या असतात.